हिरव्या पावडरीची पारख

महिनोन्‌महिने थकलेला माणूस हिरवी पावडर हौसेनं विकत घेत नाही. रक्ताचे रिपोर्ट 'नॉर्मल' आलेले असतात. घरचे म्हणत असतात, जरा फिरून ये, बरं वाटेल. टॉनिकच्या दोन-तीन बाटल्या संपलेल्या असतात, आणि तरीही सकाळी उठताना अंगात त्राण नसतं. अशा वेळी मोबाइलवर एक डबा दिसतो. चाळीस वनस्पती, एक चमचा, पाण्यात ढवळून प्या, दिवसभर ताजंतवानं राहा. डबा मागवला जातो. त्या डब्यात काय आहे, त्याचा थकव्यावर काय परिणाम होतो आणि त्यापायी काय गमवावं लागू शकतं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. माणसाचा थकवा खरा आहे, हे इथे गृहीत धरलेलं आहे.

लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात कांद्याचा लिलाव पाहिलेल्यांना ठाऊक असतं, की ट्रॉलीतला वरचा थर पाहून कुणी भाव लावत नाही. व्यापारी आत हात घालून खालचा माल बघतो. हिरव्या पावडरीचा डबाही तसाच आतून पाहायला हवा.

आधी थकव्याचं कारण

विंचूर हे निफाड तालुक्यातलं द्राक्षाचं आणि कांद्याचं गाव. गोडी छाटणीनंतर घडांची विरळणी आणि डिपिंग, म्हणजे घड संजीवकात बुडवणं, थंडीत उन्हाळ कांद्याची लागवड, मार्च-एप्रिलमध्ये काढणी, मग निवडणी आणि प्रतवारी. यातलं बरंचसं काम बायकांच्या हातांवर चालतं, वाकून किंवा उभ्यानं, उन्हात. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा चूल. इथे 'गळून गेल्यासारखं होतं' किंवा 'अंगात रक्तच नाही' असं कुणी म्हणालं, तर ती बोलण्याची पद्धत समजून सोडून देऊ नये. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. देशाचा आकडा ५७ टक्के होता. निम्म्याहून अधिक बायकांच्या थकव्यामागे रक्तातली कमतरता असू शकते, असा याचा सरळ अर्थ.

म्हणून पहिला खर्च तपासणीवर व्हायला हवा. हिमोग्लोबिन, आणि त्यासोबत शरीरातला लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची तपासणी. हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा रिकामा असू शकतो आणि तेवढ्यानंही माणूस थकतो. त्यानंतर थायरॉइड, साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या, ड जीवनसत्त्व. ताप, खोकला किंवा घटतं वजन असेल तर क्षयाची तपासणी. घोरणं आणि दिवसा डोळे मिटणं असेल तर झोपेतल्या श्वासाची. मन उदास असेल तर त्याविषयीही डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलणं. यातल्या जवळजवळ प्रत्येक कारणावर उपचार आहे, आणि यातल्या एकावरही हिरवी पावडर हा उपचार नाही.

या यादीत महाराष्ट्रानं विशेष लक्षात ठेवावं असं नाव म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची तपासणी केली. त्यांत खेड्यांतले, झोपडवस्त्यांतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे तिन्ही थरांतले लोक होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के जणांचं बी-१२ कमी निघालं. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळतं. पालेभाजीत ते नसतं. त्यामुळे शाकाहारी माणूस भरपूर हिरवं खात असला, तरी त्याचं बी-१२ कमी असू शकतं. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी अनेक वर्षं चालू असेल तर हे प्रमाण आणखी खाली जातं. थकवा, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, जीभ लाल होणं ही त्याची लक्षणं. स्वस्तातल्या गोळ्यांनी किंवा इंजेक्शनांनी भरून निघणारी ही कमतरता केवळ तपासली न गेल्यामुळे वर्षानुवर्षं तशीच राहते.

रिपोर्टमध्ये न दिसणारा आजार

सगळ्या तपासण्या झाल्या, कमतरता भरून निघाली, तरी काही जणांचा थकवा जात नाही. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजेच एमई-सीएफएस, हा आजार अशांपैकी काहींना असतो. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात दोनशेहून अधिक कर्मचारी एका गूढ आजारानं अंथरुणाला खिळले आणि रुग्णालय काही महिने बंद ठेवावं लागलं. तेव्हापासून या आजाराचा वैद्यकीय शोध आणि त्यावरचा वाद दोन्ही चालू आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं निदानाची कसोटी नेमकी मांडली. सहा महिन्यांहून अधिक काळ कामाची ताकद ठळकपणे घटलेली आणि सोबत विश्रांतीनं न जाणारा थकवा, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि श्रमांनंतर सगळी लक्षणं उफाळून येणं. याच्या जोडीला डोक्यात धुकं दाटल्यासारखं होणं, किंवा उभं राहिल्यावर चक्कर, धडधड आणि गळाठा येणं, यांपैकी निदान एक.

श्रमांनंतरचं हे उफाळणं ही या आजाराची खरी खूण. पाहुणे आले म्हणून दोन तास ओट्यापाशी उभं राहिलं, तर त्याच दिवशी फारसं काही होत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी माणूस कोसळतो आणि पुढचे कित्येक दिवस, कधी आठवडे, उठू शकत नाही. आळशाला हे होत नाही, आणि इच्छाशक्तीनं हे टळत नाही.

अनेकांच्या बाबतीत याची सुरुवात एखाद्या संसर्गानंतर होते. नाशिक जिल्ह्याला साथीनंतरचा लांबलेला थकवा नवा नाही. २००५-०६ मध्ये चिकनगुनियाची लाट आली तेव्हा तिचा फटका मालेगावलाही बसला होता. ताप आठवड्यात उतरला, पण कित्येकांची सांधेदुखी आणि अशक्तपणा महिनोन्‌महिने राहिला. कोविडनंतर हीच तक्रार जगभर ऐकू आली आणि 'लाँग कोविड' हे नाव घरोघरी पोचलं. या साऱ्यांना एमई-सीएफएसच होतो असं नाही. पण 'ताप गेला म्हणजे माणूस बरा झाला' ही समजूत मात्र आता टाकून द्यायला हवी.

एका चमच्यात काय मावतं

गवताची पावडर करून विकण्याची कल्पना जुनी आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅन्सस सिटीचे रसायनतज्ज्ञ चार्ल्स श्नाबेल यांनी गव्हाचं कोवळं गवत वाळवून कोंबड्यांना खाऊ घातलं, आणि नंतर तशीच पावडर माणसांसाठीही बाजारात आली. आजच्या डब्यांत गव्हांकूर, जवाचे अंकुर, शेवग्याचा पाला, पालक, स्पिरुलिना आणि क्लोरेला ही शेवाळं, आवळा, गुळवेल, अश्वगंधा, ग्रीन टीचा अर्क, जिवाणू आणि चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन नावाचं तंतुद्रव्य असं बरंच काही एकत्र असतं.

आता साधं गणित करू. एका वेळचा चमचा सुमारे १० ग्रॅमचा असतो. ताज्या पालेभाजीत जवळजवळ ८५ ते ९० टक्के पाणी असतं. त्यामुळे १० ग्रॅम पावडर पूर्णपणे पाल्याचीच असली, तरी ती ७० ते १०० ग्रॅम ताज्या भाजीएवढी, म्हणजे एका माणसाच्या ताटातल्या एका वाढणीएवढी भरते. त्यातही चाळीस घटक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी पाव ग्रॅम येतो. अनेक डब्यांवर 'हर्बल मिश्रण' असं एकच वजन छापलेलं असतं. कोणता घटक किती आहे हे कळत नाही. पहिले दोन-तीन स्वस्त घटकच बहुतेक वजन व्यापत असतील, तरी वाचणाऱ्याला ते समजायला मार्ग नसतो.

स्पिरुलिनाच्या वजनात सुमारे ६० टक्के प्रथिनं असतात, ही गोष्ट खरी. पण चमच्यात २ ग्रॅम स्पिरुलिना असेल तर प्रथिनं मिळतात सव्वा ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात ती ६ ग्रॅम असतात. शेवग्याच्या पाल्याच्या १० ग्रॅम पावडरीत लोह असतं साधारण २ ते ३ मिलिग्रॅम, आणि वनस्पतींतल्या लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह मिळायला हवं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या लोहाच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. रक्तक्षय असलेल्या बाईनं गोळी बंद करून पावडर धरली, तर तिची झीज भरून येणार नाही.

गव्हांकुराच्या रसाला 'हिरवं रक्त' म्हणतात. हरितद्रव्याची घडण हिमोग्लोबिनमधल्या हीमसारखी असते, म्हणून ते प्यायलं की रक्त वाढतं, असं त्यामागचं स्पष्टीकरण दिलं जातं. घडणीत साम्य आहे खरं, पण हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं आणि हीमच्या मध्यभागी लोह. शरीर पोटात गेलेल्या हरितद्रव्याचं हीम करत नाही; आपलं हीम ते पेशींमध्ये स्वतः घडवतं आणि त्यासाठी त्याला लोह लागतं. तसाच दुसरा दावा स्पिरुलिनातल्या बी-१२ चा. त्यातलं बहुतेक बी-१२ हे माणसाच्या शरीराला वापरता न येणाऱ्या रूपात असतं.

पुरावा काय सांगतो

थकव्यावर स्पिरुलिनाचा उपयोग होतो का, हे रुमानियातल्या डॉक्टरांनी नेटकेपणानं तपासलं. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ थकवा असलेल्या चार जणांना रोज ३ ग्रॅम स्पिरुलिना काही आठवडे आणि तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी काही आठवडे, अशी आलटून-पालटून दिली. कोणत्या वेळी काय चालू आहे हे त्यांना माहीत नव्हतं. दोन्हींत फरक दिसला नाही. चार जणांवरून शेवटचा निकाल लागत नाही, पण जाहिरातीतल्या हजार प्रशस्तिपत्रांपेक्षा अशा एका चाचणीचं मोल अधिक आहे. थकव्याचा आजार चढ-उताराचा असतो, आणि माणूस डबा मागवतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात. पुढचा आठवडा तसाही थोडा बरा जाणार असतो, आणि श्रेय मात्र डब्याला मिळतं.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये एमई-सीएफएससाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. जीवनसत्त्वं आणि खनिजांची पूरकं या आजारावरचा इलाज म्हणून सरसकट घ्यावीत एवढा पुरावा नाही, असं रुग्णाला समजावून सांगावं, असं त्यांत म्हटलं आहे. हळूहळू व्यायाम वाढवत नेण्याचा जुना उपचारही या संस्थेनं मागे घेतला. घरात अडकून पडलेल्यांचं ड जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, याकडे मात्र लक्ष द्यायला सांगितलं.

पालेभाजीची खरी ताकद किती, याचा एक मोठा अभ्यास मुंबईत झाला. २००६ पासून काही वर्षं झोपडवस्त्यांतल्या साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांना गरोदरपणाआधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध होतं. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. 'सरस' या नावाच्या या प्रकल्पात सर्व स्त्रियांचा एकत्र विचार केला, तेव्हा बाळांच्या जन्मवजनात ठोस फरक दिसला नाही. गर्भधारणेच्या आधी निदान तीन महिने हिरवा खाऊ खाल्लेल्या मातांच्या बाळांचं वजन मात्र सरासरी ४८ ग्रॅमनं जास्त भरलं, आणि गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आलेला दिसला. पाल्यात गुण आहे; पण तो अन्न म्हणून, इतर अन्नासोबत आणि महिनोन्‌महिन्यांनी दिसतो. 'सात दिवसांत ऊर्जा' हे वचन त्यात कुठेच बसत नाही.

नुकसान कुठे होऊ शकतं

'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना,' असं आपण सहज म्हणतो. काही माणसांच्या बाबतीत अपाय होऊ शकतो, आणि तो कुणाला हे आधीच सांगता येतं.

रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पावडर घेऊ नये. पाल्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम वाढण्याची भीती असते, आणि मुतखड्याची खोड असेल तर पालकासारख्या पाल्यातलं ऑक्झलेट त्रास देऊ शकतं. समुद्री शेवाळातलं आयोडीन थायरॉइडचं गणित बिघडवू शकतं. ग्रीन टीच्या अर्कातलं कॅफिन थकलेल्या माणसाला दोन तासांची उभारी देतं आणि रात्रीची झोप मोडतं. त्या उसन्या उभारीत एमई-सीएफएसचा रुग्ण आपल्या ताकदीबाहेर काम करतो आणि दोन दिवसांनी कोसळतो. या रुग्णांची आतडी अनेकदा नाजूक असतात. इन्युलिननं त्यांचं पोट फुगतं, दुखतं.

गुळवेलीकडे वेगळं लक्ष द्यायला हवं. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण पाहिले आणि ते निरीक्षण पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं त्याला आक्षेप घेतला. वाद काही असो, ज्याचं यकृत आधीच कमजोर आहे किंवा ज्याला स्वप्रतिकारक आजार आहे, त्यानं गुळवेल असलेली पावडर टाळलेली बरी.

सगळ्यात लपलेला धोका फॉलिक अॅसिडचा. काही डब्यांत ते वरून घातलेलं असतं. बी-१२ कमी असताना फॉलिक अॅसिड भरपूर मिळालं, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. ज्या प्रदेशात बी-१२ ची कमतरता इतकी पसरलेली आहे, तिथे हा धोका प्रत्येक कुटुंबानं समजून घ्यायला हवा.

पावडरीचा एक खरा गुण

या पावडरीच्या बाजूनं प्रामाणिकपणे सांगावी अशी एक गोष्ट आहे. मेथीची जुडी निवडायची, माती जाईपर्यंत तीन पाण्यांतून धुवायची, चिरायची, फोडणीला उभं राहायचं. निरोगी माणसाला हे अर्ध्या तासाचं काम. एमई-सीएफएस असलेल्या बाईला त्यात सगळ्या दिवसाची ताकद संपवावी लागते. म्हणून अनेक रुग्णांच्या ताटातून पालेभाजी नाहीशी होते आणि चहा-बिस्किटं उरतात. अशा वेळी चमचाभर वाळलेला पाला अन्नाची थोडी उणीव भरू शकतो.

मात्र त्यासाठी परदेशी नावाचा डबा लागत नाही. आपल्याकडे थंडीत हरभऱ्याचे शेंडे खुडून पाला वाळवून ठेवायची रीत आहे. उन्हाळ्यात तीच भाजी लसूण, दाण्याचं कूट आणि थोडं पीठ लावून घोटली जाते. बांधावरच्या शेवग्याचा पाला सावलीत वाळवून कुटला तर त्यातलं अ जीवनसत्त्वाचं मूळद्रव्य बऱ्यापैकी टिकतं. क जीवनसत्त्व वाळवताना बरंचसं जातं, म्हणून वरून लिंबू पिळावं. लिंबानं लोहही चांगलं शोषलं जातं. जेवणाला लागून चहा मात्र नको, तो लोह अडवतो. अशी पावडर वरणात, थालीपिठाच्या पिठात, भाकरीच्या उंड्यात चमचाभर घालता येते. ती आजाऱ्यानं करायची नाही. घरातल्या धडधाकट माणसानं एकदा बसून महिन्याची करून ठेवायची.

तरीही विकतची घ्यायची असेल तर

आधी डॉक्टरांना डब्यावरची यादी दाखवा आणि चालू गोळ्या सांगा. ज्या डब्यावर प्रत्येक घटकाचं वजन आहे, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आहे आणि शिसं, कॅडमियम यांसारख्या जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मागितल्यावर मिळतो, तोच घ्या. 'आजार बरा होतो' असं लिहिलेला डबा दुकानातच ठेवा. पूरक आहाराला तसा दावा करण्याची मुभा नाही.

सुरुवात पाव चमच्यानं करा. त्या काळात दुसरं काही नवीन सुरू करू नका, नाहीतर कशानं काय झालं ते कळणार नाही. वहीत रोज चारच गोष्टी लिहा: झोप कशी झाली, किती वेळ उभं राहता आलं, पोट कसं होतं, आणि श्रमांनंतर दोन दिवसांनी काय झालं. चार आठवडे घ्या, चार आठवडे थांबा, मग वही वाचा. फरक दिसला नाही तर दुसरा डबा मागवू नका. पावडर घेऊन थोडं बरं वाटलं, तरी साठलेली कामं त्याच दिवशी उरकायला उठू नका. डोळे किंवा लघवी पिवळी होणं, अंगाला खाज, मळमळ असं काही दिसलं, तर त्याच दिवशी पावडर थांबवून दवाखाना गाठा.

यातले अनेक डबे महिन्याला हजार रुपयांच्या पुढे जातात. मजुरीवर चालणाऱ्या घरात एवढ्या पैशांत फेरिटिन किंवा बी-१२ ची तपासणी होते, रोजचं दूध आणि अंडी येतात, किंवा आठवड्यातून काही दिवस धुणी-भांड्याला मदतीचा हात मिळतो. एमई-सीएफएसवर आज हमखास औषध नाही. आपल्या ताकदीच्या आत राहणं, कोसळण्याआधी थांबणं आणि घरानं त्या थांबण्याचा मान राखणं, यानंच रुग्णाचे दिवस सुसह्य होतात. म्हणून पैसा आणि कष्ट खर्चण्याचा क्रम ठरलेला असावा. आधी तपासणी, मग ताटातलं रोजचं अन्न, मग विश्रांती मिळावी म्हणून मदत. या तिन्हींची सोय झाल्यावर पैसे उरले, तर हिरव्या पावडरीचा विचार जरूर करावा; या तिन्हींच्या जागी ती घेऊ नये.